कापसाचं जाकीट

"पाण्याचं काय एवढं! आम्हाला सवयच आहे," असं विहीणबाईंना ठसक्यात सांगून काकूंनी फोन ठेवला, आणि मग त्यांचे हातपाय गार पडले. काकूंची पाण्याशी ओळख बादलीपुरती. बस पुलावरून जाताना त्या डोळे मिटून बसत आणि पलीकडे पोचल्यावर "डुलकी लागली होती" म्हणत.

बेत विहीणबाईंचा. रविवारी दोन्ही घरांनी समोरच्या बेटावर जायचं आणि कयाक नावाच्या निमुळत्या होडीत बसून, वल्हं मारत, किनाऱ्याकिनाऱ्याने छोटीशी फेरी मारायची. ही बाई सकाळी धावते, संध्याकाळी पोहते आणि मधल्या वेळात त्याचे फोटो पाठवते. तिच्यापुढे भीती वाटते म्हणण्यापेक्षा बुडालेलं परवडलं, असं काकूंचं मत. पंचाईत एवढीच, की रविवार जवळ येत चालला तसं बुडणंही परवडेना.

"मग सांग ना, येत नाही म्हणून," काका म्हणाले.

"सांगते! आणि जन्मभर आपल्या लेकीने ऐकायचं, तुझी आई भित्री म्हणून?"

"अगं, तिथे जाकीट देतात. ते घातलं की माणूस तरंगतो."

"भाड्याचं? कुठल्या तरी काटकुळ्याच्या मापाचं! माझ्या दंडातच अडकेल ते."

काकांचं गाद्यांचं दुकान. त्यांचे डोळे चमकले. "मग मी शिवतो की! अर्धं गाव माझ्या गादीवर झोपतं. एक तरी खाली गेला का आजवर?"

काकूंना हे पटलं. घाबरलेल्या माणसाला काहीही पटतं.

जाकीट झालं मात्र देखणं. गादीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड, कडेने गोट, मधे दाबून घातलेले टाके आणि आत ठासून भरलेला पिंजका कापूस. काकूंनी ते चढवलं, तर आरशात एक गादी उभी होती.

"अहो, हात खाली येत नाहीत."

"वल्हं मारायला वरच लागतात."

शनिवारी सकाळी काकूंनी हट्ट धरला. "आधी पाण्यात टाकून बघा, मग मला टाका." जाकीट बादलीत मावेना, म्हणून दोघं गच्चीवर गेले. तिथे इमारतीची सिमेंटची टाकी होती. काकांनी झाकण सरकवून जाकीट आत सोडलं. ते तरंगलं!

"बघ! बदक आहे बदक!" काका कंबरेवर हात ठेवून म्हणाले.

बदक जरा कललं.

"अहो, ते पाणी पितंय!"

"पिणारच थोडं. कोरडं होतं ना."

बदकाने मनसोक्त पाणी पिऊन घेतलं, एक बुडबुडा सोडला आणि सरळ तळाशी जाऊन पाणी खाली जायच्या भोकावर बैठक मारली.

काही वेळातच तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर पांढऱ्या कोटात धापा टाकत वर आले. "पाणी कुणी बंद केलं? खाली पेशंट तोंड वासून बसलाय. चूळ भरायला थेंब नाही!"

काकांनी टाकीकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी वाकून बघितलं. "बाप रे! कोण पडलंय आत?"

"कुणी नाही, जाकीट आहे. बुडू नये म्हणून शिवलं होतं," काका म्हणाले.

टाकीत उतरायला आतून लोखंडी शिडी होती, पण काकांचा गुडघा तिला तयार नव्हता आणि डॉक्टरांच्या हातात मोजे होते. "अग्निशमनवाल्यांना बोलावतो," डॉक्टर म्हणाले आणि पेशंटकडे धावले. काकूंच्या डोळ्यांपुढे घंटा वाजवत येणारी लाल गाडी उभी राहिली, आणि तिच्यामागे हसणारी विहीणबाई.

"सरका," काकू म्हणाल्या आणि उतरल्या.

पाणी छातीपर्यंत होतं. एका हाताने शिडी गच्च धरून, दात कडकडवत त्यांनी पायाच्या अंगठ्याने जाकीट उचकटलं आणि बखोटीला धरून ओढलं. जाकीट म्हशीएवढं जड झालं होतं. तेवढ्यात वरून आवाज आला, "अगंबाई! विहीणबाई, सराव चाललाय?"

काकूंनी मान वर केली. लेकीची सासू टाकीत डोकावत होती.

"रोजचाच," काकू थरथरत म्हणाल्या. "ओलं जाकीट ओढायचं. दंडात ताकद येते."

विहीणबाई आणखी वाकून हळूच म्हणाल्या, "खरं सांगू? मी बेत रद्द करायला आले होते. कंबर धरलीय कालपासून. म्हटलं, घरीच गप्पा मारत बसू."

काकूंचा चेहरा उजळला. "अहो, मग बसू या की—"

"छे! तुमची ही जिद्द बघून मलाच लाज वाटली. पट्टा बांधीन कंबरेला. आणि किनाऱ्याने छोटी फेरी कशाला? अख्ख्या बेटाला वळसा घालू!"

विहीणबाई उत्साहाने जिना उतरून गेल्या. काकांनी टाकीत हात पुढे केला. "ये वर. थंडी बाधेल."

"थांबा जरा," काकू म्हणाल्या. "वळसा आहे उद्या."

खालून डॉक्टर ओरडले, "काका, पाणी आलं! पण नळातून दोरे येतायत!"

"सांगा त्यांना, पेशंटच्या दातांच्या फटींतून फिरवा म्हणावं," काकू म्हणाल्या, आणि डोळे घट्ट मिटून त्यांनी शिडीवरचं एकेक बोट सोडायला सुरुवात केली.