न पोहोचणाऱ्यांचा अभ्यास

वस्तीतले रुग्ण रुग्णालयापर्यंत का पोहोचत नाहीत, हा प्रश्न फारच गंभीर असल्यामुळे त्याचा अभ्यास करायचे ठरले. त्यासाठी संशोधक बाईंना एक गाडी, एक चालक आणि सहानुभूती कशी बाळगावी याचे रीतसर प्रशिक्षण मिळाले.

वस्तीच्या तोंडाशी टपरीत इस्त्री करणाऱ्या मावशी त्यांना पहिल्याच फेरीत सापडल्या. तापलेली इस्त्री पडून मावशींच्या पायाचा अंगठा भाजला होता आणि आता काळा पडू लागला होता. दवाखाना लांब, बस थेट जात नाही, आणि त्या पायाने स्टॉपपर्यंतही चालवत नाही. इतकी नेमकी अडचण बाईंना आजवर कुणी सांगितली नव्हती. त्यांचा जीव हळहळला आणि पहिल्या प्रकरणाचा आराखडाही तयार झाला.

"ताई, तुमची गाडी दवाखान्यावरूनच जाते ना?" मावशींनी विचारले. "मला तेवढं सोडा. माझं सगळं काम उभ्यानं. पाय गेला तर मी खाऊ काय?"

बाई विरघळल्या. त्यांनी लगेच विभागप्रमुख सरांना फोन लावला. सर शांतपणे म्हणाले, "अहो, तुम्ही त्यांना पोहोचवलंत, तर त्या पोहोचलेल्या होतील. आपला अभ्यास न पोहोचलेल्यांचा आहे." शिवाय एकीलाच गाडीतून नेणे म्हणजे बाकीच्या वंचितांवर उघड अन्याय. समानतेच्या तत्त्वाला जागून बाईंनी कुणालाच नेले नाही.

मग त्या दर आठवड्याला येत, अंगठ्याचा फोटो काढत, मावशींची अगदी मनापासून विचारपूस करत आणि रिकामी गाडी घेऊन रुग्णालयावरून परत जात. काळेपणा तळपायाकडे सरकला, तेव्हा अभ्यासाला मुदतवाढ मिळाली. बाईंच्या घशाखाली घास उतरेना. पण ही अस्वस्थता प्रस्तावनेत फार उत्तम उतरली.

निष्कर्ष मांडायला परिषद भरली ती त्याच रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर. 'वंचितांचा आवाज' म्हणून मावशींना बोलावणे गेले. वक्त्यांच्या प्रवासाची तरतूद असल्याने गाडीही गेली. मावशींनी ठेवणीतले कपडे घातले, पायाला स्वच्छ फडके बांधले आणि गाडीतून उतरल्या त्या लंगडत तडक तपासणीच्या खोल्यांकडे निघाल्या. खोल्यांना कुलपे होती.

"डॉक्टर कुठंयत?"

"सगळे वर आहेत," बाई म्हणाल्या आणि कौतुकाने भर घातली, "तुम्हालाच ऐकायला."

माइकसमोर मावशी फार बोलल्या नाहीत. "पाय सडत चाललाय. तुमच्यातल्या कुणीतरी बघा," एवढेच म्हणाल्या. असे थेट, असे अनलंकृत निवेदन त्या सभागृहाने कधी ऐकले नव्हते. सगळे डॉक्टर उठून उभे राहिले आणि बराच वेळ टाळ्या वाजवत राहिले. बाईंना हुंदका आवरेना. मावशींनी फडके सोडून पाय पुढे केला, तोवर जेवणाची सुट्टी झाली होती. जाता जाता प्रत्येक जण थांबून, अदबीने वाकून त्यांना सांगून गेला, की तुमची गोष्ट काळजाला भिडली.

मावशी अजून तिथेच बसल्या आहेत, पाय पुढे करून. तुम्हालाही भिडली असेलच.