लाल ठिपक्याचं ताट

मी फक्त एका ताटाच्या मागे लाल ठिपका काढायचं ठरवलं होतं. बायकोच्या नेलपॉलिशचा, वाटाण्याएवढा. त्या ठिपक्यापायी पुढे घरात जे रामायण झालं ते ऐकून तुम्ही हसणार, हे मला ठाऊक आहे. हसा. ऑफिसात सगळ्यांचं हसून झालंय, तुम्हीच का मागे राहावं?

मी क्षयरोग विभागात क्लार्क आहे. खोकला, थुंकी, गोळ्या आणि तपासण्या यांची जेवढी पोस्टरं आणि पत्रकं आमच्या भागात लागतात, ती सगळी माझ्या टेबलावर टाइप होतात. 'दोन आठवड्यांहून जास्त खोकला? थुंकी तपासून घ्या' हे वाक्य मी इतक्या वेळा टाइप केलंय, की आता बोटं आपोआप चालतात. (बोटंच चालतात. मी शुद्धलेखन बघतो. मजकुराचा अर्थ बघणं माझ्या टेबलाकडे येत नाही.)

तर झालं असं, की सासरे आमच्याकडे कायमचे राहायला आले. त्यांचा जन्म भाजीबाजारात लिलाव पुकारण्यात गेला. पहाटे उठायचं, उलट्या टोपलीवर उभं राहायचं आणि शेकडो माणसांच्या गलक्यावर आवाज चढवायचा. त्यात घशाची पार वाट लागलेली. साधं पाणी मागायचं असलं तरी आधी दोनदा खाकरणार. सकाळी तर त्यांचा घसा जुन्या स्कूटरसारखा, चार-पाच किका मारल्याशिवाय सुरूच व्हायचा नाही.

मला लगेच कळलं. या खात्यात केस पांढरे केल्यावर माणसाला नजर येतेच.

'आप्पांना टीबी आहे,' मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला हळूच सांगितलं.

'काहीतरीच. मला कळायला लागल्यापासून ते असेच खाकरतात,' ती म्हणाली. 'खोकताय ते तुम्ही.'

'माझी धूळ आहे. फायलींची.'

'बरं.'

माझी खरंच धूळ होती, निदान मी तसं धरून चाललो होतो. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, ते ऑफिसातला पंखा नीट फिरत नव्हता म्हणून. भूक मेली होती, ते वयामुळे. आणि पोट आत गेलं होतं, त्याचा तर मला अभिमान होता. पट्ट्याला सुरीच्या टोकानं नवं भोक पाडून मी ते शेजाऱ्यांना दाखवूनही आलो होतो. (खोकला, संध्याकाळचा ताप, भूक न लागणे, वजन घटणे. पत्रक क्रमांक एक, पहिला परिच्छेद. ठळक अक्षरांत मीच टाइप केला होता.)

मी कामाला लागलो. सासऱ्यांची खाट बाल्कनीत नेली. 'हवेशीर जागा आहे,' असं त्यांना सांगितलं. त्यांचं ताट वेगळं कळावं म्हणून मागे तो लाल ठिपका काढला. आणि मुंगीला आजोबांजवळ जायची बंदी केली.

मुंगी म्हणजे आमची मुलगी. साखरेचा डबा कुठेही लपवा, हिला सापडतो, म्हणून मुंगी. सहा वर्षांची आहे. माझ्या शर्टाची कॉलर मुठीत घट्ट धरल्याशिवाय तिला झोप लागायची नाही. लेकराला धोक्यापासून लांब ठेवल्याच्या समाधानात मी तिला कुशीत घ्यायचो आणि खोकत खोकत झोपी जायचो.

सासऱ्यांनी तो ठिपका पहिल्याच जेवणाला पाहिला. रिकामं ताट उलटं करून त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

'जावईबापू, मालावर खूण केलेली दिसतेय.'

'ते आप्पा, आपलं घासताना कळावं म्हणून.'

'काय कळावं?'

त्यांनी ते ताट स्वतः घासलं, पुसलं आणि बाकीच्या ताटांपासून लांब, खिडकीत नेऊन ठेवलं.

आता थुंकी तपासायची. ऑफिसातून मी दोन डब्या आणल्या. (एक बिघडली तर हाताशी दुसरी असावी, ही क्लार्कची खोड.) सकाळी चूळ भरायला लावून एक डबी सासऱ्यांपुढे धरली.

'मी नाही असल्या डबीत थुंकणार,' ते म्हणाले.

'आप्पा, सोपं आहे. खोल श्वास घ्यायचा, रोखून धरायचा आणि मग पोटापासून खोकायचं. नुसती लाळ चालत नाही.'

'मग दाखवा करून. माल बघितल्याशिवाय मी उभ्या जन्मात बोली घेतली नाही.'

आता मागे कसं हटणार? मी दुसरी डबी उघडली, बाल्कनीच्या कडेला गेलो, खोल श्वास घेतला आणि खोकलो. तो खोकला असा काही आला, की थांबेचना. मला गजांना धरून उभं राहावं लागलं. सासरे आधी मजेत बघत होते. मग त्यांचं हसू गेलं.

'दम लागला का हो?'

'अभिनय आहे,' मी डोळे पुसत म्हणालो.

त्यांनी मग मुकाट्यानं आपली डबी भरली. दोन्ही डब्यांना सवयीनं नावं लावून मी बायकोला म्हणालो, 'आप्पांची केंद्रात दे. माझी टाकून दे, ती फक्त दाखवण्यापुरती होती.'

'बरं,' ती म्हणाली. तिच्या 'बरं'चा अर्थ मला एव्हाना कळायला हवा होता.

केंद्र आमच्या ऑफिसच्या तळमजल्यावरच आहे. दुसऱ्या दिवशी तिथल्या सिस्टरांचा फोन आला, 'तुमच्या घरचा एक रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे, खाली या.' मी आधी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि गंभीर चेहरा करून म्हणालो, 'साहेब, घरातलाच पेशंट ओळखला.' साहेबांनी माझी पाठ थोपटली. (ती थाप अजून दुखते.)

'बसा,' सिस्टर म्हणाल्या. 'घाबरू नका.'

'घाबरायचं काय त्यात? औषध पूर्ण घेतलं की बरा होतो. मला कल्पना होतीच.'

'कल्पना होती?'

'केव्हापासून. झोपायची सोयसुद्धा बाल्कनीत केलीय.'

'अरे वा. थंडी नाही वाजत?'

'अजून तरी तक्रार नाही.'

'आणि घरात लहान मूल आहे ना?'

'तिला जवळ जाऊच देत नाही.'

'हे फार छान केलंत,' सिस्टर लिहिता लिहिता म्हणाल्या. 'मग मुलगी झोपते कुणाजवळ?'

'माझ्याजवळ. कुशीत.'

सिस्टरांचं पेन थांबलं. त्यांनी उठून खिडकी पूर्ण उघडली.

'अहो, रिपोर्ट तुमचा आहे,' त्या म्हणाल्या. 'सासऱ्यांना काहीही नाही.'

'माझी डबी तर टाकून दिली होती.'

'नाही. तुमच्या मिसेस दोन्ही घेऊन आल्या होत्या. दोन्ही तपासा म्हणाल्या.'

मला वाटलं होतं, अशा वेळी माणसाला स्वतःची काळजी वाटते. मला स्वतःचं काही सुचलंच नाही. माझ्या कॉलरला धरलेली ती मूठ तेवढी डोळ्यांपुढे आली. सिस्टरांनी मास्क दिला. तो मी दोनदा उलटा लावला.

घरी बायको दारातच उभी होती. मास्क बघून तिला सगळं कळलं.

'तू दोन्ही डब्या दिल्यास,' मी म्हणालो.

'दिल्या. किती महिने ऐकतेय मी ती धूळ.' मग ती खुर्चीवर बसली. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. 'माझ्या म्हाताऱ्या बापाला तुम्ही बाल्कनीत टाकलंत,' ती म्हणाली, 'आणि हिला कुशीत घेऊन झोपलात.'

(इथे कंसात घालायला माझ्याकडे काहीही नाही.)

मुंगीची तपासणी झाली. एक्स-रेच्या वेळी तिला 'श्वास रोखून धर' सांगितलं, तर काम संपलं तरी ती सोडेना. शेवटी त्या माणसानं 'सोड गं बाई आता' म्हटल्यावर तिनं सोडला. हातावर टोचून एक चाचणी केली. टोचलेल्या जागी फुगलं नाही तर बरं, असं सांगितलं होतं. पुढचे दोन दिवस बायको आणि मी त्या इवल्या हाताकडे बघत होतो. मी लांबून, दाराशी उभा राहून. हात फुगला.

डॉक्टरबाई समजावून सांगत होत्या. एक्स-रे चांगला आहे, ती आजारी नाही. जंतू शरीरात गेलाय, पण झोपलेला आहे. त्याला उठू द्यायचं नाही, गोळ्यांचा कोर्स पुरा करायचा, एकही दिवस चुकवायचा नाही.

'मला कुणी दिला तो जंतू?' मुंगीनं विचारलं.

'हवेतून येतो गं तो,' डॉक्टरबाई म्हणाल्या.

भली बाई. ती हवा शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसली होती. माझा मास्क आतून पूर्ण भिजला होता.

सासऱ्यांनी मला चकार शब्दानं दोष दिला नाही. घरी आलो तर त्यांनी आपली वळकटी आत नेली होती आणि माझी बाल्कनीत आणून टाकली होती. 'हवेशीर जागा आहे,' ते म्हणाले. 'मी राहून बघितलीय.'

त्या दिवशी जेवायच्या वेळी मी खिडकीतलं लाल ठिपक्याचं ताट मुद्दाम स्वतःकडे घेतलं. चेहरा पाडून. माझा पश्चात्ताप बघून घरातल्यांचे डोळे पाणावतील, अशी माझी माफक अपेक्षा होती. सासऱ्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

'हे माझं ताट.'

'आप्पा, आता ते माझ्याकडेच असायला हवं.'

'कशाला? ताटावाटीतून हा रोग पसरत नाही, भांडी वेगळी ठेवू नका, असं तुमच्याच पत्रकात लिहिलंय. बाल्कनीत वाचायला दुसरं होतंच काय मला?'

(त्या पत्रकात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, हे मी इथे नम्रपणे नमूद करतो.)

औषधाचा कारभार सासऱ्यांनी हातात घेतला. पहिल्याच दिवशी मी बाथरूममधून ओरडत बाहेर आलो की रक्त जातंय, लाल होतेय, मला दवाखान्यात न्या. सासऱ्यांनी चष्मा लावला आणि 'या गोळ्यांमुळे लघवीचा रंग लालसर-नारिंगी होतो, घाबरू नये' हा पत्रकातला मुद्दा मोठ्यानं वाचून दाखवला. शेजाऱ्यांनाही माहिती मिळाली.

रोज सकाळी मुंगी तिची गोळी आणि मी माझ्या गोळ्या घेऊन त्यांच्यापुढे उभे. 'एकवार,' ते लिलावातल्यासारखं पुकारायचे, 'दोनवार, तीनवार.' तीनच्या आत गोळी पोटात गेली पाहिजे. मुंगी पहिल्या वारालाच मोकळी. मी घशाशी झटापट करत असायचो आणि ती मला धीर द्यायची, 'बाबा, डोळे मिटून घ्या, म्हणजे कडू लागत नाही.' मी डोळे मिटायचो. त्यांत आलेलं पाणी तिला दिसू नये म्हणून.

काही आठवड्यांत खोकला पळाला, ताप गेला, पट्ट्याचं नवं भोक निकामी झालं. एका सकाळी मी गोळ्या बाजूला सारल्या. 'आप्पा, मला आता ठणठणीत वाटतंय. मळमळतं यानं. आजचा दिवस राहू दे.'

सासऱ्यांनी ग्लास खाली ठेवला नाही.

'माझा धाकटा भाऊ होता,' ते म्हणाले. 'त्यालाही असंच मधेच बरं वाटलं. सोडल्या गोळ्या. पुन्हा उलटलं, तेव्हा कशाचाच उपयोग झाला नाही.' त्यांनी एकदा खाकरून घेतलं. 'घरात त्याचं ताट वेगळं ठेवायचे. मीच ठेवायचो. आमच्याकडे नेलपॉलिश नव्हतं, चुन्याचा ठिपका होता.'

स्वयंपाकघरात बायकोच्या हातातलं भांडं जिथल्या तिथे थांबलं. तिला एक काका होता, एवढंच तिला माहीत होतं.

'एकवार,' सासरे म्हणाले.

त्यांना दोनवार म्हणावं लागलं नाही. त्या दिवसापासून एकदाही लागलं नाही.

मुंगीचा कोर्स आधी संपला, मग माझा. दोघंही बरे आहोत, डॉक्टरबाईंनी तपासून तसं सांगितलंय. मुंगी पुन्हा माझी कॉलर धरून झोपते. बायको पुन्हा माझ्याशी भांडते, म्हणजे तीही बरी आहे. सासऱ्यांची खाट आता आत, मुंगीच्या पलंगाला लागून आहे. ते ताट मात्र तसंच आहे. मी ठिपका पुसायला घेतला तर बायको म्हणाली, 'राहू दे.' ते बाकीच्या ताटांत मिसळलंय, कधी कुणाकडे येतं, कधी कुणाकडे.

फक्त जेवणं झाली की सासरे ते शोधून वर उचलतात आणि घरात लिलाव होतो. बोली खोकल्याची. जेवताना जो खोकला किंवा खाकरला, ते ताट त्याचं आणि त्याबरोबर घरातली सगळी भांडी घासणंही त्याचंच. नियम मुंगीचा. सासरे स्वतः दिवसभर खाकरतात, पण पुकारणाऱ्याचा घसा बोलीत धरत नाहीत, असा बायकोचा निकाल आहे. माझं फुप्फुस डॉक्टरांनी स्वच्छ ठरवलंय, पण एखादा घास ठसकतोच, पाणी चुकीच्या वाटेनं जातंच. लिलाव सुरू झाल्यापासून दुसऱ्या कुणाचे हात ओले झाल्याचं मला आठवत नाही.

काल मी एकही ठसका लागू न देता जेवलो. अगदी सावकाश, चावून चावून. सासऱ्यांनी ताट उचललं. 'लाल ठिपक्याचा माल,' ते म्हणाले, 'एकवार.' कुणी हूं की चूं केलं नाही. 'दोनवार.' आता एकदाचा या अन्यायाचा सोक्षमोक्ष लावायचा, हा नियमच मुळात कसा पक्षपाती आहे ते सगळ्यांना पटवून द्यायचं, असं ठरवून मी उभा राहिलो. भाषण मोठं होतं. म्हणून सुरुवात करण्याआधी जरासा घसा साफ केला.

'तीनवार,' सासरे म्हणाले.