मार्थाबाई वाट पाहतात

"प्रभू, तुझी इच्छा पूर्ण होवो. फक्त ती गुरुवारच्या आत होवो, कारण शुक्रवारी शाळेत तपासणी आहे."

ही प्रार्थना मी माझ्या कानांनी ऐकली आहे. आमच्या स्टाफरूममध्ये, मधल्या सुट्टीत, डबे उघडायच्या आधी. डोळे मिटून, हात जोडून, मान खाली घालून मार्थाबाई देवाला मुदत देत होत्या. आवाजही तोच, ज्या आवाजात त्या मैदानावर 'सावधान' म्हणत.

मार्थाबाई धुळ्याला, देवपुरातल्या आमच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या आणि मी मराठी. राहायचोही एकाच गल्लीत, भिंतीला भिंत लागून, त्यामुळे शाळा सुटली तरी माझी सुटका नसे. अंगाने काटक, चाल तुरूतुरू, गळ्यात एका दोरीला शिट्टी आणि एका साखळीला क्रूस. दोन्ही एकमेकांत अडकायचे. गुंता सोडवत बसायला वेळ कुणाला? म्हणून बाई रविवारी चर्चलाही शिट्टीसकट जायच्या.

धीर नावाचा पदार्थ त्यांच्या घरात भरलेलाच नव्हता. कुकरची पहिली शिट्टी झाली की उलथन्याने वाफ काढून मोकळ्या, त्यामुळे त्यांच्याकडची डाळ दाताखाली वाजायची. असोद्याची त्यांची एक जुनी विद्यार्थिनी केळीचा घड पाठवायची. तो पिवळा व्हायच्या आत त्याची भाजी होऊन जायची. कुंडीत मेथी पेरली की दुसऱ्या दिवशी माती उकरून कोंब आलाय का बघायच्या, आणि उकरल्यामुळे तो आला नाही की बियाणंवाल्याशी भांडायला जायच्या. पांझरेच्या पुलावर गाड्या खोळंबल्या तर रिक्षातून उतरून स्वतः वाहतूक सोडवायच्या. पोलीस बाजूला उभा राहून तंबाखू मळायचा.

आणि ह्याच बाई चर्चच्या महिला मंडळात 'देवावर विसंबून धीराने वाट पाहणे' या विषयावर बोलायच्या! दर महिन्याला. विषय मंडळानेच त्यांच्या गळ्यात बांधला होता. पन्नाशी आली तरी बाईंचं लग्न व्हायचं होतं. तेव्हा वाट पाहण्याचा अनुभव सगळ्यात दांडगा त्यांचाच, असं मंडळाचं मत.

मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. भक्ती वगैरे काही नाही, केक असतो असं कळलं होतं. मार्थाबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बहिणींनो, देव कधीच उशीर करत नाही. उशीर आपण करतो. ह्या मागच्या दोघी बघा, आत्ता येताहेत!" मागच्या दोघी ओशाळल्या. त्यापुढचं प्रवचन इतक्या वेगात झालं की अजून कुणी नीट बसलंही नव्हतं आणि 'आमेन' आलं.

मग मंडळाच्या अध्यक्षा सुलोचनाबाई उठल्या. मार्थाबाईंच्या पाठीवर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने हळू आवाजात म्हणाल्या, "मार्था, धीर धर. प्रभूने तुझ्यासाठी कुणीतरी राखून ठेवलाय."

सुलोचनाबाईंचं स्वतःचं लग्न कॉलेजच्या पहिल्याच वर्षी झालं होतं. पुढे मी लक्ष ठेवलं. 'धीर धर' म्हणणाऱ्या एकूण एक बायका विशीत बोहल्यावर चढलेल्या होत्या. जेवून तृप्त झालेल्या माणसाने दुसऱ्याला उपासाचे फायदे सांगावेत, तसा प्रकार.

मार्थाबाई मात्र चर्चमध्ये शांत हसायच्या. तिथे त्यांची भाषा शुद्ध, प्रार्थना शुद्ध. खरी प्रार्थना घरी व्हायची, अहिराणीत. मधल्या भिंतीतून मला स्पष्ट ऐकू यायचं. "काय करी राह्यना रे बाप? ध्यान शे का मन्हाकडे?" व्हॉट्सॅपवर निळी खूण येते तशी वरून काहीतरी पोच मिळायला हवी, ही त्यांची देवाकडे जुनी मागणी होती.

स्थळं येत नव्हती असं नाही. जळगावचे एक गृहस्थ आले. त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकला, पुन्हा फुंकला. बाई म्हणाल्या, "ह्यांचा चहा संपेपर्यंत मी निवृत्त होईन." दुसरे एक म्हणाले, "विचार करून कळवतो." बाईंनी तिथल्या तिथे विचारलं, "मग इथे काय करताय? विचार करून यायचं ना!" अशा रीतीने देवाने राखून ठेवलेली माणसं बाई एकेक करून परत पाठवत होत्या आणि वर देवालाच जाब विचारत होत्या.

मग आले शमुवेलभाऊ. जामनेरचे, विधुर, साठीच्या अलीकडचे. तिथल्या बाजार समितीत धान्याचा लिलाव पुकारायचे. मार्थाबाईंनी सोबतीला मला बोलावलं होतं. मी आत चहा टाकत होते. बाहेरून एका दमात ऐकू आलं, "नमस्कार, मी शमुवेल, जामनेरहून आलो, बायको वारली, मुलगी नाशिकला दिली, शुगर नाही, बीपी आहे, स्वयंपाक येतो, घोरतो, तुमचं काय?"

मग मार्थाबाईंचा आवाज, "मला पसंत आहे."

चहा अजून उकळायचा होता. मी गाळणं हातात घेऊन बाहेर आले तेव्हा दोघं लग्नानंतर कुणी कुठे राहायचं ते ठरवत होते.

बातमी मंडळात पोचली आणि सुलोचनाबाई तातडीने घरी आल्या. "मार्था, घाई करू नकोस. प्रार्थना कर. थोडं थांब."

"आता?" मार्थाबाई म्हणाल्या. "आता पण थांबू?"

नाताळानंतरचा दिवस ठरला. बाईंनी साडी आणली आणि ती रोज संध्याकाळी मला दाखवू लागल्या. फोनवर दोघं एकाच वेळी बोलायचे. कोण कुणाचं ऐकत होतं देव जाणे, पण फोन ठेवल्यावर बाई गुणगुणायच्या.

आणि एका सकाळी, लिलाव पुकारता पुकारता शमुवेलभाऊंची जीभ थांबली. भोवतीच्या व्यापाऱ्यांना वाटलं, भाव ठरला. मग ते खाली कोसळले.

त्यांना जळगावला दवाखान्यात हलवलं होतं. मार्थाबाई आणि मी एस.टी.ने गेलो. उजवं अंग लुळं पडलं होतं, वाचा गेली होती. नाशिकची मुलगी उशाशी बसली होती. ती आम्हाला बाहेर घेऊन आली. भली पोर होती. "मावशी, तुम्ही मोकळ्या आहात. मी म्हणत नाहीये, बाबांनीच मला खुणेने सांगितलंय, त्यांना जाऊ दे म्हणून."

"मला खुणा कळत नाहीत," मार्थाबाई म्हणाल्या. "त्यांना तोंडाने सांगू दे. मी थांबते."

मला वाटलं, दुःखाच्या भरात बोलल्या. परतीच्या बसमध्ये मी शहाणपणाचे चार शब्द सांगायला लागले. त्या बाहेर कापसाच्या शेतांकडे बघत होत्या. म्हणाल्या, "पाटीलबाई, सगळे म्हणतात मार्थाला फार घाई. पण शाळा सुटल्यावर मी घरी जायची घाई केलेली बघितलीत कधी? शिपाई फाटकाला कुलूप लावतो ना, तेव्हा त्याच्याबरोबर निघते मी. घरी काय आहे? मी बोलले तरच आवाज होतो तिथे."

मी शेजारीच राहत होते आणि मला ते आवाज विनोदी वाटत आले होते.

लग्नाचा दिवस आला आणि गेला. शमुवेलभाऊ मुलीबरोबर जामनेरला घरी आले. दर शनिवारी शाळा सुटली की मार्थाबाई जामनेरची वाट धरायच्या आणि रविवारी परतायच्या. हात वर, हात खाली, मूठ उघडा, मूठ मिटा. शाळेतल्या पोरांना ज्या कवायतीने त्यांनी रडवलं, तीच कवायत त्या भाऊंकडून पुन्हा पुन्हा करून घ्यायच्या. पेज भरवायला बसल्या की घास गिळून होईपर्यंत चमचा हातात धरून ठेवायच्या. हे मला भाऊंच्या मुलीने सांगितलं. मला खरं वाटलं नाही, म्हणून एका रविवारी मी जाऊन बघून आले. खरं होतं.

सुलोचनाबाईंना आता नवाच साक्षात्कार झाला होता. "मार्था, हे चिन्ह आहे. प्रभूने तुला वेळेवर वाचवलं. सोडून दे आता हा नाद."

मार्थाबाईंनी पहिल्यांदा मंडळाच्या सभेत शुद्ध भाषा बाजूला ठेवली. "बठ्ठं, सगळं माले माहीत शे, सुलोचनाबाई! उभा जन्म तुम्ही मला 'थांब, थांब' म्हणालात. आता थांबलेय, तर म्हणता 'चल'. आधी एकदा काय ते ठरवा."

त्या महिन्यापासून त्यांचा विषय काढून घेतला गेला.

पावसाळा सरत आला तेव्हा एका सोमवारी त्या स्टाफरूममध्ये आल्या आणि माझ्या शेजारी धपकन बसल्या. "भाऊ बोलले."

"काय बोलले?"

"'जा' म्हणाले." आणि बाई हसायला लागल्या. डोळे पुसत हसल्या. "एवढे महिने मी त्या तोंडाकडे बघत बसले, आणि पहिला शब्द काय, तर 'जा'! मी म्हटलं, ऐकलं. शब्द स्पष्ट आलाय, छान. मी काही जात नाही. आता पुढच्या शनिवारपर्यंत 'ये' म्हणायला शिका."

लग्न जामनेरच्या छोट्या चर्चमध्ये झालं. सुलोचनाबाईसुद्धा आल्या होत्या. शमुवेलभाऊ नव्या सदऱ्यात, खुर्चीत बसलेले. शेजारी मार्थाबाई उभ्या. पास्टरांनी भाऊंना विचारलं, ह्या स्त्रीचा पत्नी म्हणून स्वीकार करता का?

भाऊंनी तोंड उघडलं. ओठ हलले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, शब्द येईना. पंखा कुरकुरत होता. कुणीतरी खाकरलं. मागच्या बाकावर चुळबूळ सुरू झाली. भाऊंच्या कपाळावर घाम आला. पास्टर भले गृहस्थ, ते पुढे वाकून म्हणाले, "मान हलवलीत तरी चालेल."

"नको, पास्टर," मार्थाबाई म्हणाल्या. "येतंय त्यांचं."

त्यांनी भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांच्या ओठांकडे बघत उभ्या राहिल्या. पाय हलवला नाही, पदर चाचपला नाही. सगळं चर्च त्यांच्याबरोबर थांबलं. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही.

"हो...य," शमुवेलभाऊ म्हणाले.

पास्टरांनी सुस्कारा सोडला आणि तोच प्रश्न मार्थाबाईंना विचारला. बाई काही बोलल्या नाहीत. पास्टरांनी पुन्हा विचारलं. बाईंची हनुवटी थरथरत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि घशातून आवाज फुटत नव्हता. पास्टर तिसऱ्यांदा विचारणार, तेवढ्यात शमुवेलभाऊंनी आपला धडधाकट डावा हात वर केला आणि त्यांना जरा थांबायला सांगितलं.