तिसऱ्या मजल्याचे न उघडलेले दार

माझी निरीक्षणशक्ती असामान्य आहे असे मी कधीही म्हणत नाही. ते सिद्ध करण्यासाठी मी तीन ग्रंथ लिहिले आहेत. गुन्हेपटांविषयी माझ्याइतके वाचलेला मनुष्य सबंध ल्यों शहरात नाही. एक होता, तो पॅरिसला गेला, म्हणजे विद्वत्तेच्या दृष्टीने वारला. प्रत्यक्ष गुन्हा मी, आंसेल्म पेरूज याने, तोवर एकही उकलला नव्हता हे खरे. परंतु पडद्यावरच्या चारशे बारा खुनांचा ज्याने तळटिपांसह अभ्यास केला, त्याने खऱ्या खुनाकडे पाहणे म्हणजे कालापव्यय.

‘तिसऱ्या मजल्यावरचा दिवा’ हा बावन्न वर्षे विस्मृतीत पडलेला चित्रपट त्या जूनमध्ये प्रथमच डीव्हीडीवर येत होता. दिग्दर्शक दिवंगत, प्रेक्षकही बहुधा तसेच. सोबतच्या पुस्तिकेत माझा एकतीस पानी निबंध होता. चित्रपटाच्या शेवटी इन्स्पेक्टर जिना चढतो, दाराच्या मुठीवर हात ठेवतो आणि पडदा काळा होतो. नोटरीचा खून कोणी केला ते कळत नाही. ‘समाप्त’ अशी पाटीदेखील नाही. मी लिहिले होते, ‘हे दार उघडत नाही, कारण न्यायाच्या घराला दारच नसते.’ हे वाक्य लिहून झाल्यावर मी काही काळ खिडकीपाशी उभा राहिलो होतो.

प्रकाशनाच्या नऊ दिवस आधी मी प्रकाशक गार्नेल यांच्या कचेरीत बसलो असताना तेथे शहाऐंशी वर्षांच्या मादाम ओदिल व्हाशरों आल्या. चित्रपटाच्या सुरुवातीच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव सर्वांत शेवटी होते, म्हणून त्यांना एक प्रत सौजन्याने पाठवली होती.

“माझा खून कुठाय?” त्यांनी विचारले.

“तुमचा खून, मादाम?” गार्नेल म्हणाले.

“मी केलेला! दार उघडतं, मी आत बसलेली असते, नासपती सोलत. नऊ मिनिटं. उभ्या जन्मात मिळालेलं एकच काम. शनिवारी प्रकाशनाच्या खेळाला आमच्या इमारतीतल्या सगळ्यांना मी थिएटरात बोलावलंय. नातसुद्धा येतेय. तिला वाटतं, आजी थापा मारते.”

गार्नेल माझ्याकडे वळले. “पण प्रोफेसर, तुम्ही तर सिद्ध केलंय की शेवट हाच.”

“शेवट हाच आहे,” मी म्हणालो. “मादामचा प्रसंग कोणी पळवला असेल, तर त्या पळवण्यालाही अर्थ असणार. मी तपास करतो.”

“अर्थ जरा बेतानं काढा,” गार्नेल म्हणाले. “तीन हजार डिस्क तयार होऊन गोदामात पडल्यात.”

जुन्या रिळांवरून डिजिटल प्रत जेथे बनवली, त्या कार्यशाळेत आम्ही तिघे गेलो. तेथे टोपी अडकवायला खुंटी नव्हती. दार उघडे राहावे म्हणून त्याला एक गोल पत्र्याचा डबा लावला होता. त्यावर मी टोपी ठेवली आणि भिंग काढले. एर्वे नावाच्या तंत्रज्ञाने नोंदीचा कागद समोर धरला. सहा रिळे, सहा खुणा. परंतु पहिल्या पाच निळ्या आणि सहावी हिरवी!

“मंत्रालयाची कात्री,” मी हळूच म्हणालो. “हिरव्या शाईने सही करणारा मनुष्य कधीच निरपराध नसतो. तो नोटरी कोणा मंत्र्यासारखा दिसत असणार.”

“तो आमच्या पाववाल्यासारखा दिसायचा,” मादाम म्हणाल्या. “पाववालाच होता तो. फुकट काम केलं.”

“मग पॅरिस. माझा निबंध उद्ध्वस्त करण्यासाठी…”

“निबंध नंतरचा ना?” एर्वेने विचारले.

मी त्याच्याकडे दुर्लक्ष केले. “तर मग दिग्दर्शक! मादाम, त्याचे तुमच्यावर प्रेम होते. भग्नहृदयाने त्याने स्वतःच तो प्रसंग कापला.”

“त्याला माझं नावही आठवत नसे हो. ‘ए नासपती’ म्हणून हाक मारायचा.” मग त्या एर्वेकडे वळल्या. “बाळा, हे काम कुठल्या वारी केलंस?”

“एप्रिलमधला मंगळवार होता, मादाम. तारीख नाही आठवत.”

“जेवायला काय होतं?”

“केनेल!” एर्वेचा चेहरा उजळला. “माशाचे मऊ गोळे, झिंग्याच्या रश्श्यातले. बाराच्या ठोक्याला मशीन थांबवलं मी. पाच मिनिटं उशीर झाला की वरचे खरपूस संपतात, मग खाली नुसता लगदा.”

“तोवर किती रिळं झाली होती?”

“पाच. सहावं डब्यासकट हातातच होतं. पण किल्ली आत राहिली होती, आणि हे दार आपोआप लागतं. म्हणून मी…” एर्वे थांबला.

“जेवून आल्यावर?”

“आलो कुठं? मंगळवारी दुपारच्या पाळीला बर्नार असतो. त्याला मशीन रिकामं दिसलं, वाटलं असेल झालं सगळं. हिरवं पेन त्याचंच.”

सर्वांनी दाराकडे पाहिले. आठ आठवडे दार अडवून बसलेल्या त्या डब्यावर माझी टोपी विराजमान होती.

“प्रोफेसर,” मादाम म्हणाल्या, “माझ्या तोंडावरची टोपी उचला.”

गार्नेल यांनी घाम पुसला. “प्रोफेसर, आता तुम्हीच सांगा. तुमचा निबंध खरा असेल, तर डिस्क आहे तशी विकतो. खोटा असेल, तर तसं लिहून द्या. सगळ्या पुन्हा काढतो, आणि शनिवारी हे रीळ दाखवतो.”

एका पारड्यात नऊ मिनिटे होती, दुसऱ्यात माझ्या दोनशे सात तळटिपा. “पुढे कधीतरी, पुरवणीत,” मी सुचवले, “हा प्रसंग ‘पर्यायी शेवट’ म्हणून देता येईल.”

“पर्यायी?” मादाम म्हणाल्या. “मी खून केलाय, प्रोफेसर. पर्यायी नाही केलेला.”

एर्वेने रीळ यंत्रावर चढवले. पडद्यावर दार उघडले. चौतिशीतली एक बाई नासपती सोलत होती. साल अखंड उतरत होती. तिने मान वर केली आणि इन्स्पेक्टरला म्हणाली, “दार लावून घ्या, वारा येतोय.” बस, एवढेच. चारशे बारा खुनांत माझ्या अंगावर असा काटा कधी आला नव्हता. मी उठलो, आणि चित्रपट चालू असताना कार्यशाळेचे दार लावले.

दिवे लागल्यावर मी कागद मागितला. संशोधकाच्या हयातीत न निघावे असे शुद्धिपत्र मी स्वहस्ते लिहिले: ‘पृष्ठ नऊ ते एकतीसवरील विवेचन संपूर्णतः चुकीचे आहे.’

मादामनी चष्मा लावून ते वाचले.

“पहिल्या आठ पानांत काय आहे?”

“माझा परिचय.”

त्यांनी कागद परत दिला. “मग पहिल्या पानापासूनच लिहा.”