किती तोंडं?

आमच्या गावच्या गिरणीत आधी येणाऱ्याचं दळण आधी होत नसे. कडावच्या पलीकडच्या या गावी मी इतिहासाचा मास्तर म्हणून बदलून आलो, तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सकाळी सात वाजता तांदळाचा डबा घेऊन मी पहिला हजर झालो, आणि पीठ हातात पडलं तेव्हा शाळेची मधली सुट्टी होऊन गेली होती. हेडमास्तरांनी माझ्या केसांतलं पीठ पाहून काही विचारलं नाही. त्यांनाही अनुभव असावा.

गिरणीवाल्या शब्बीरभाईंनी त्या दिवशी माझ्या डब्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघून ते म्हणाले, “किती तोंडं?”

पहिल्याच भेटीत हा गृहस्थ माझा पाणउतारा करतोय असं मला वाटलं. मी म्हणालो, “एकच. दिसतंय ते.”

“तसं नाय रं मास्तर. घरात भाकरी खानारी तोंडं किती?”

“दोन. मी आणि बायको.”

“मग बसा बाकड्यावर. मागनं एकोनीस येतायत.”

एकोणीस म्हणजे सोनूकाकी. सत्तरीची, काटक बाई. तीन मुलगे, सुना, नातवंडं, सगळं एका चुलीवर. ती डोक्यावर पाटी घेऊन आली की रांग आपोआप बाजूला व्हायची. जिथं तोंडं जास्त तिथं पीठ आधी, हा शब्बीरभाईंचा कायदा. भिंतीवर पाटी होती, तिच्यावर खडूने घरांची नावं आणि पुढे तोंडांचे आकडे. सकाळी तांदूळ, दुपारी गहू, कारण तांदळावर गहू दळला तर बायका त्यांना दळतील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कायदा आला की पळवाट आलीच. हरीभाऊ म्हणून एक शेतकरी आहेत, घरात तोंडं तेरा, पण नंबर दुसरा लागावा म्हणून सतरा सांगायचे. पाहुणे धरायचे. सून गरोदर असली की पोटातलं धरायचे. एकदा त्यांनी कुत्रा धरला. मला वाटलं, आता भाई चिडणार. तर भाई शांतपणे म्हणाले, “भाकर खातो का?”

“खातो की. शिळी.”

“मग तोंड हाय. पन पाव धरीन.” आणि पाटीवर त्यांनी खरोखर सव्वातेरा लिहिलं.

हे सगळं मी गंमत म्हणून सांगत असे. पुढे कळलं की भाई इतिहास वाचतात. महिन्यातून दोनदा कर्जतला जाऊन वाचनालयातून जाड जाड पुस्तकं आणायचे. पट्टा फिरत असताना धान्याच्या पोत्याला टेकून वाचायचे. पानं उलटताना पीठ उडायचं. वाचनालयाच्या बाईंना म्हणे पुस्तक उघडल्याबरोबर कळायचं, हे कोणी नेलं होतं ते.

आणि इतिहासातल्या प्रत्येक राजाला ते एकच प्रश्न विचारायचे. किती तोंडं? मी वर्गात सनावळ्या घोकून घेतो. भाई मार्क द्यायचे. कोणी बायकोसाठी संगमरवरात कबर बांधली असं वाचलं की म्हणायचे, “बांदा. मोहबत हाय. पन त्या साली गावात तोंडं किती उपाशी व्हती, ते कुनी लिवलंय का?” लढाई जिंकलेल्यांना ते पासापुरते मार्क देत. धान्याची कोठारं उघडणाऱ्याला पहिला वर्ग. एकदा शाळेच्या सहलीबरोबर किल्ल्यावर आले. मी पोरांना बुरूज दाखवत होतो, आणि हे कड्यालगतच्या पाण्याच्या टाक्यात डोकं घालून बसलेले. वर आले ते डोळे चमकवत. “मास्तर, तोफ ओतनाऱ्याचं नाव पुस्तकात हाय. ह्ये टाकं खोदनाऱ्याचं हाय का? नाय ना? मग तुमचा इतिहास नापास.”

पोरं खूश झाली. मी नापास झालेला त्यांना पहिल्यांदाच दिसत होता.

“पुढारी म्हंजे काय सांगू?” ते उतरताना म्हणाले. “गिरनीवाला. धान्य त्याचं नसतं, पीठ त्याचं नसतं. नंबर कुनाचा आधी लावायचा, येवढंच त्याच्या हातात.” मी पुस्तकं शिकवून म्हातारा होत आलो, पण याहून नेमकी व्याख्या मला सापडलेली नाही.

मग गेल्या साली पाण्याची योजना आली. ग्रामपंचायतीचा शिपाई गिरणीत येऊन म्हणाला, “भाई, तुमच्या गिरनीवर टाकी येनार.”

भाई खूश. जात्याचा दगड गुळगुळीत झाला की छिन्नीने त्याला खाचा पाडतात, त्याला टाकी लावणं म्हणतात. “येऊ दे की! कदीचा दगड घासलाय. सरकारला येवढं पन कळाय लागलं?” त्यांनी शिपायाला चहा पाजला. चहा संपल्यावर शिपायाने चाचरत सांगितलं, की टाकी दगडाला नाही, गिरणीच्या जागी. पाण्याची. गिरणी पाडून.

गाव हसलं, आणि मग हळहळलं.

गिरणी उंच टेकाडावर होती. तिथं टाकी बांधली तर पाणी खालच्या गावाला मिळून वरच्या वाडीतल्या चौदा घरांपर्यंतही पोचणार होतं. दुसरी जागा शाळेजवळच्या गायरानात. तिथून खालच्या गावाला पाणी मिळालं असतं, पण वाडीला नाही. वाडीतल्या बाया हंडे घेऊन उतरतात, चढतात, जन्मभर. जमीन भाईंची स्वतःची, त्यांनी नाही म्हटलं की विषय संपला. आणि खालचं गाव मोठं. सगळ्यांचं मत एकच, टाकी गायरानात, भाईंची गिरणी राहिली पाहिजे. ग्रामसभेत हात वर करायचे एवढंच बाकी होतं.

तेव्हा भाई उठले. हातात यादी होती, माझ्याकडूनच चार दिवस घरोघर हिंडून लिहून घेतलेली.

“हात मोजू नका, तोंडं मोजा,” ते म्हणाले. “हातांना तहान लागत नाय. गिरनी गेली तर तुमचं काय जातंय? पीठ कर्जतला मिळतं. पानी कर्जतला मिळत नाय.”

हरीभाऊ ओरडले, “भाई, तुमची गिरनी हाय ती! तुमीच कशाला पाडताय?”

“जात्यातले रडतात, सुपातले हसतात, हरीभाऊ. तुमी सुपात हाय. वाडी जात्यात हाय.”

मग त्यांनी साऱ्या गावाची यादी वाचली. टाकी गायरानात झाली तर तहानलेली राहणारी वाडीतली तोंडं ऐंशी. खालच्या गावाच्या तोंडांत हरीभाऊंच्या दोन म्हशीसुद्धा होत्या, कारण म्हशीही पाणी पितात. लोक हसले, मग एकेक करून जड मनाने टेकाडाच्या बाजूने हात वर झाले. सोनूकाकीने मात्र केला नाही. ती पदर तोंडाशी धरून नुसती भाईंकडे बघत बसली होती. मी वर्गात कितीतरी राजांच्या त्यागाच्या गोष्टी सांगतो, पण स्वतःच्या विरोधात सभा जिंकणारा माणूस मी प्रत्यक्ष पाहिला तो हा एकच.

संध्याकाळी घरी बसून मी यादी सभेच्या वहीत उतरवली. घरं जुळेनात. एक घर कमी. पुन्हा मोजलं. म्हशी होत्या, कुत्रा होता, शब्बीरभाई नव्हते.

सकाळी मी यादी घेऊन गिरणीत गेलो. “भाई, चूक झालीय. तुमचं नाव राहिलं.”

“राह्यलं नाय. गिरनीवाला रांगेत नसतो, मास्तर.”

“कुत्र्याला पाव धरता, आणि स्वतःला शून्य?”

“एक तोंड,” ते हसले. “भागाकारात बाकी उरते ना, ती सोडून देतो आपन.”

मला फार राग आला. भाईंची बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी सासरी पनवेलला. खालच्या आळीतल्या घरात एक रेडिओ आणि एक ताट. जिला ते गिरणी म्हणत होते, ती त्यांची रोजची माणसं होती. टेकाड गेलं की त्यांच्याशी बोलायला कोण येणार होतं? हा हिशेब त्यांच्या पाटीवर कुठेच नव्हता. मी तसं म्हणालोही. त्यांनी पट्टा चालू केला, आवाजात मग माझं काही ऐकू येईना.

गिरणीच्या शेवटच्या दिवशी सगळं गाव दळण घेऊन आलं. कोणाकडे तर डब्यात मूठभरच तांदूळ होते. खिडकीच्या कट्ट्यावर भाईंचा स्वतःचा डबा होता, नेहमीसारखा सगळ्यांच्या शेवटी लावलेला. सोनूकाकी आली, पाटी उतरवली.

“किती तोंडं?” भाईंनी सवयीने विचारलं.

“वीस.”

“एकोनीस, काकी.”

“वीस म्हनलं ना.”

“कोन पावना आलाय?”

“पावना नाय. आजपास्नं घरचाच.” तिने खिडकीतला त्यांचा डबा उचलला आणि आपल्या पाटीत ओतला. “गिरनी नाय तर दुपारचा कुटं बसनार रं तू? आमच्या पडवीत बस. भाकर गरम मिळंल. तांदळावर तांदूळच हाय, बिघडत नाय काय.”

“काकी, मी तर…”

“नियम म्हंजे नियम, भाई!” मागून हरीभाऊ ओरडले. “वीस आधी!”

शब्बीरभाईंनी भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. काहीतरी सापडतंय का, कुठे आक्षेप घेता येतोय का, असं बराच वेळ पाहिलं. मग हाताच्या तळव्याने एकोणीस पुसलं आणि वीस लिहिलं. आकडा वाकडा आला. त्यांनी काकीचं दळण चक्कीत ओतलं आणि आपलं तोंड आमच्याकडे पाठ करून पुसलं.

काकीचं झाल्यावर हरीभाऊ पुढे सरकले. सतरा सांगायचं ठरवून आले होते. भाईंनी त्यांचा डबा घेतला, तांदूळ ओतले, पीठ भरून परत दिलं. पुढच्याचंही तसंच.

त्या दिवशी नंतर कोणालाच त्यांनी तोंडं विचारली नाहीत.