पांढऱ्यावरची ओली रेघ

"उद्या बेल्ह्याचा रामनाथ येणाराय गाडी बघायला," गेणभाऊ चहा पिता पिता बायकोला म्हणाले. लंकाबाईंच्या हातातली बशी तशीच राहिली.

"बघायला म्हंजी?"

"इकायची. इंजिनातनं तेल गळतंय. दोनदा पॅकिंग बदललं, तरी गळतंय. किती दिवस पुसायचं?"

लंकाबाईंना लायसन मिळून सव्वीस दिवस झाले होते. बावन्नाव्या वर्षी त्या मंचरला जाऊन गाडी शिकल्या, त्या एकाच कारणासाठी. निरगुडसरला भावाकडे जायचं तर तीस वर्षं त्यांना कुणाची तरी सवड बघावी लागली होती. पण सव्वीस दिवसांत गाडी गोठ्यापासून फाटकापर्यंतच गेली होती. तेल गळतंय तोवर रस्त्यावर न्यायची नाही, असा गेणभाऊंचा नियम होता.

गेणभाऊ गावातल्या विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करत. पाइपाचा जोड गळला की आवळायचा, तरी गळला की आणखी आवळायचा, हे त्यांचं शास्त्र. पाइपांच्या बाबतीत ते बहुधा खरं ठरे. गाडीचं तेल पहिल्यांदा दिसलं ते इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यावर. गेणभाऊंनी त्याचे नट आवळले. दुसऱ्या दिवशी तेल होतंच. मग त्यांनी हात पोचेल तिथला प्रत्येक नट आवळला. तेल वाढलं. मंचरच्या दादाभाऊ मिस्त्रींनी मॅनिफोल्डचं पॅकिंग बदलून दिलं. घरी आल्यावर गेणभाऊंनी खात्री म्हणून सगळं पुन्हा आवळलं. तेल आणखी वाढलं. दादाभाऊंनी दुसऱ्यांदा पॅकिंग बदललं, आणि त्यानंतर गेणभाऊंचा फोन उचलायचं बंद केलं.

"अवो," लंकाबाई म्हणाल्या, "पडवीत जिथं पाणी ठिपकतं, तिथंच कौल फुटलेलं अस्तं का?"

"नाय. वरनं कुठनं तरी वघळून येतं."

"मग ह्ये तेल हितलंच हाय कशावरनं?"

गेणभाऊंनी चहा संपवला.

लंकाबाईंनी डिझेलच्या बोळ्याने इंजिन पुसलं, कोरडं केलं आणि त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरली. अर्ध्या इंजिनावरच डबा संपला. उरलेल्या अर्ध्याला त्यांनी तांदळाचं पीठ लावलं. मग दादाभाऊंना फोन केला. त्यांचा फोन दादाभाऊंनी पहिल्याच घंटीला उचलला.

दादाभाऊ मोटारसायकलवरून उतरले, तेव्हा इंजिन चालू होऊन दहा मिनिटं झाली होती.

"वहिनी, भाकरी लई करपतीय."

"चुलीवर कायच नाय. इंजिनात बघा."

बॉनेटखाली सगळं पांढरं होतं आणि त्या पांढऱ्यावर एकच ओली रेघ होती. ती मॅनिफोल्डवर संपत होती. सुरू मात्र वर होत होती, इंजिनाच्या डोक्यावरच्या पत्र्याच्या झाकणापाशी. मॅनिफोल्डचा जोड अगदी कोरडा होता.

"टॅपेट कव्हर!" दादाभाऊ म्हणाले. त्यांनी झाकण उघडून फरशीवर ठेवलं. ते चारी बाजूंनी टेकेना, डुगडुगायला लागलं.

"हा पातळ पत्रा हाय राव. हलक्या हातानं आवळायचा अस्तो. कोण्या राक्षसानं आवळलाय ह्यो?"

गेणभाऊ म्हशीकडे बघू लागले.

"तिच्याकडं काय बघताय?" लंकाबाई म्हणाल्या. "तिला पाना धरता येत न्हाई."

दादाभाऊंनी झाकणाच्या कडा हातोडीने हळूहळू ठोकून सपाट केल्या. मंचरला जाऊन नवं पॅकिंग आणलं. मग एक नट इकडचा, एक समोरचा, असे दोन बोटांच्या जोरावर ते बसवू लागले. गेणभाऊंना ते बघवेना.

"येवढंच? निदान अर्धा आटा तरी..."

"वहिनी, भाऊंना जरा धरून ठेवा."

इंजिन पुन्हा पुसलं, पुन्हा पीठ लावलं. अर्धा तास गाडी चालू ठेवली. पांढरं पांढरंच राहिलं.

"उभ्या गाडीचं काय खरं न्हाई," गेणभाऊ म्हणाले. "हालल्यावर कळंल."

लंकाबाई स्टिअरिंगमागे बसल्या. गेणभाऊ जमिनीला डोळे लावून मागे वाकले.

"घे म्होरं!" गाडी सरकली. गेणभाऊंनी मातीवर बोट फिरवलं. "हितं कोरडं हाय! आणखी घे!"

गाडी फाटकापर्यंत गेली.

"हितंबी कोरडं! अजून म्होरं!"

गाडी फाटकाबाहेर गेली. गेणभाऊ वाकलेलेच तिच्या मागोमाग चालत होते. चिंचेपर्यंत कोरडं होतं, शाळेपर्यंत कोरडं होतं. शाळेपाशी त्यांनी मान वर केली, तेव्हा रस्त्यावर गाडी नव्हती.

तासाभराने फोन वाजला.

"निरगुडसरला पोचले," लंकाबाई म्हणाल्या. मागे त्यांच्या भावाच्या घरातला गलका ऐकू येत होता. "खाली वाकून बघितलं. थेंब न्हाई."

"बरं झालं," गेणभाऊ म्हणाले. "माघारी कधी?"

"ऱ्हाते दोन दिस."

"आगं, आन उद्या रामनाथ येईल, त्याला काय सांगू?"

"सांगा," लंकाबाई म्हणाल्या, "गाडी माहेरी गेलीय."