न रडवणारी पट्टी

“नक्की हाच ना डोळा?” बायकोने विचारलं, आणि शिक्केवाला नुसता हसला. डावं-उजवं त्याला विचारायचं म्हणजे कमालच झाली.

त्याच्या हातात डोळ्यावर लावायची चिकटपट्टी होती, समोर स्टुलावर पाच वर्षांची लेक होती आणि टेबलावर डॉक्टरबाईंनी काढून दिलेलं चित्र. लेकीला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी बसलेली कोणी पाहिली नव्हती. भिंगरीचा एक डोळा चांगला होता आणि दुसरा आळशी. आळशी हा शब्द डॉक्टरबाईंचाच. चांगला डोळा सगळं काम उरकतोय म्हटल्यावर दुसऱ्याने बघणंच सोडून दिलंय, असं त्या म्हणाल्या होत्या. उपाय सोपा होता. चांगला डोळा रोज सहा तास झाकायचा, म्हणजे आळशीबुवांना नाइलाजाने कामाला लागावं लागेल.

“पण जे काय करायचं ते आत्ताच,” त्यांनी बजावलं होतं. “हे वय निघून गेलं की डोळा शिकायला तयार होत नाही. मग जन्मभर एकाच डोळ्यावर भिस्त.” हे वाक्य शिक्केवाल्याच्या मनात रुतून बसलं होतं. त्या दिवशी बायकोला पोस्टातून रजा मिळाली नव्हती, त्यामुळे ते ऐकायला तो एकटाच होता.

बाईंनी कागदावर एक गोल चेहरा काढून, झाकायच्या डोळ्यावर फुली मारून दिली होती. चित्रातला चेहरा आपल्याकडे बघतोय, भिंगरीही आपल्याकडे बघतेय. कोणीही साधा माणूस चित्राच्या ज्या बाजूला फुली त्याच बाजूच्या डोळ्यावर पट्टी लावून मोकळा झाला असता. पण शिक्केवाला साधा माणूस नव्हता. गेली बावीस वर्षं तो रबरी शिक्के कोरत होता. शिक्क्यावर सगळं उलटं कोरायचं, तेव्हा कुठे कागदावर सुलटं उमटतं. त्यामुळे कागदावर काहीही दिसलं की त्याचं डोकं आपोआप ते उलटवून घ्यायचं.

“अगं, कागदावर जे या बाजूला दिसतं, ते मुळात त्या बाजूला असतं,” तो बायकोला समजावू लागला. “लोक इथेच तर फसतात!”

“पण बाई तोंडाने काही बोलल्या असतील ना? उजवा की डावा?”

“उजवा म्हणाल्या. पण कोणाचा उजवा? त्यांचा, माझा की भिंगरीचा? म्हणून तर मी चित्र काढून घेतलं!”

बायको पोस्टाच्या खिडकीत बसून दिवसभर शिक्केच मारायची. शिक्का उलटा असतो हे तिला नाकारता येईना. “उलटसुलट तुम्हालाच कळतं बाई,” म्हणत तिने पिशवी उचलली आणि ती कामावर गेली. शिक्केवाल्याने पट्टीचा कागद काढला, श्वास रोखला आणि भिंगरीच्या डाव्या डोळ्यावर, म्हणजे नेमक्या आळशी डोळ्यावर, ती हळुवार चिकटवली.

आता रडारड होणार, या तयारीने त्याने डोळे मिटून घेतले. दवाखान्याच्या बाकावर त्याने एकेक कहाणी ऐकली होती. एक बेकरीवाला होता, धिप्पाड, पीठ मळून मनगटं लोखंडासारखी झालेला. पण पोराला पट्टी लावताना त्या मनगटांवर इतके ओरखडे उठले होते, की गिऱ्हाइकं त्याला मांजर पाळलंत का म्हणून विचारायची.

शिक्केवाल्याने एक डोळा उघडून पाहिलं. भिंगरी हसत होती.

“झालं?” तिने विचारलं आणि स्टुलावरून उडी मारून ती पळाली.

शाळा दुपारची, त्यामुळे सकाळी सातपासून एकपर्यंत ती वडिलांच्या दुकानात असायची. दुकान म्हणजे एका कचेरीच्या जिन्याखालची खोली. पट्टी असताना बारीक काम द्या, असं बाईंनी सांगितलं होतं, म्हणून त्याने मणी आणि दोरा दिला. भिंगरीने पहिल्याच दिवशी हातभर माळ ओवली. दुसऱ्या दिवशी सुईत दोरा घातला. चौथ्या दिवशी जिन्यावरून उतरणाऱ्या साहेबांच्या कोटाचं एक बटण वेगळ्या रंगाचं आहे, हे तिने त्यांना मोठ्याने सांगितलं.

“बघितलंस?” शिक्केवाला घरी आल्यावर बायकोला म्हणाला. “चार दिवसांत केवढा फरक! आळशी डोळा कसला, वाघाचा डोळा आहे!”

बायकोलाही आनंद झाला. का होऊ नये?

एवढ्यावर थांबला असता तर निम्मी फजिती टळली असती. पण पोर रडत नाही याचं श्रेय कोणाला तरी द्यायला हवं होतं, आणि जवळपास त्याच्याइतका लायक माणूस त्याला दिसेना. त्याने छोटे शिक्के कोरले, मांजर, मासा, फुगा, आणि रोजच्या पट्टीवर एकेक चित्र उमटवायला सुरुवात केली. भिंगरी खूश. मग त्याने ठरवूनच टाकलं की पोरगी रडत नाही ती या चित्रांमुळे.

पट्ट्या संपल्या म्हणून तो दवाखान्याजवळच्या औषधाच्या दुकानात गेला, तिथे बेकरीवाला भेटला. आता ओरखडे मानेपर्यंत पोचले होते.

“तुमची रडत नाही?” बेकरीवाल्याचा विश्वास बसेना. “अजिबात?”

“अजिबात. तुमचं काय चुकतं सांगू का? तुम्ही पट्टी लावता. पट्टी लावायची नसते, द्यायची असते. बक्षीस दिल्यासारखी.”

बेकरीवाल्याने बिचाऱ्याने हे वाक्य दोनदा मनाशी म्हणून पाठ केलं. दुसऱ्या दिवशी जिन्याखाली येऊन मांजराच्या दहा पट्ट्या घेऊन गेला. त्याच्या पोराने दहाही मांजरं फाडली. पण बेकरीवाल्याने दोष स्वतःलाच दिला, आणि दवाखान्याच्या बाकावर ज्याला त्याला शिक्केवाल्याचं गुणगान ऐकवलं. हळूहळू जिन्याखाली आईबापांची रीघ लागली. शिक्केवाला सगळ्यांना तेच सांगायचा. आवाज खाली ठेवा, घाई करू नका, मुलाच्या मनात शिरा. कौतुक डॉक्टरबाईंच्याही कानावर गेलं.

“शनिवारी पालकांना बोलावलंय,” त्यांनी फोन केला. “बरेचजण कंटाळून पट्टी सोडून देतात हो. तुम्ही या आणि चार शब्द सांगा. लेकीलाही आणा. सहा आठवड्यांची तपासणी त्याच दिवशी आटपून टाकू.”

पाचवा आठवडा संपत होता. शिक्केवाल्याने इस्त्रीचा शर्ट घातला.

दवाखान्याच्या मोठ्या खोलीत वीसेक आईबाप बसले होते. सगळ्यांचे चेहरे झोप न झाल्यासारखे. बाईंना आत एक पेशंट होता, म्हणून त्यांनी सुरू करायला सांगितलं होतं. शिक्केवाला दहा मिनिटं बोलला. मग भिंगरीला खुर्चीवर बसवून खिशातून माशाची पट्टी काढली, ती सगळ्यांना दाखवली, बक्षीस दिल्यासारखी तिला दिली आणि तिच्या डोळ्यावर चिकटवली. भिंगरी खुदकन हसली. खोलीतून एक लांब सुस्कारा ऐकू आला.

“आता हे बघा,” म्हणत त्याने समोरच्या भिंतीवरच्या चित्रांच्या तक्त्याकडे बोट केलं. “भिंगरे, वाच.”

“घर, छत्री, बदक,” भिंगरीने सुरुवात केली. चित्रं ओळीओळीने बारीक होत गेली आणि तिचा आवाज मोठा. शेवटची ओळ संपल्यावर तिने तक्त्याखाली छापलेली एवढीशी अक्षरंही वाचायला घेतली. “आणि तिथे एक मुंगी आहे. खरी. चालतेय.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात बेकरीवाल्याच्या. दारात डॉक्टरबाई उभ्या होत्या, त्याही टाळ्या वाजवत होत्या. मग त्यांच्या टाळ्या हळू झाल्या. मग थांबल्या. त्या भिंगरीजवळ येऊन खाली बसल्या.

“कुठला डोळा झाकलाय हा?” त्यांनी हळूच विचारलं.

“तुम्ही चित्रात दाखवलेला,” शिक्केवाला म्हणाला. कागद त्याच्या खिशातच होता. “तुम्ही फुली या बाजूला मारली, म्हणजे मुळात ती त्या बाजूला. उमटताना उलटं होतं ना.”

बाईंनी कागदाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं.

“अहो, ते चित्र होतं,” त्या म्हणाल्या. “शिक्का नव्हता.”

शिक्केवाल्याला कळायला एक क्षण लागला. माळ, सुई, बटण, मुंगी, सगळं चांगल्या डोळ्याने पाहिलेलं. वीस माणसांसमोर झालेली शोभा त्याच्या ध्यानातही आली नाही.

“मी तिचा डोळा घालवला का हो?” त्याने विचारलं. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की पुढच्या रांगेलाही ऐकू गेला नसता. पण खोलीत कोणी श्वासही घेत नव्हतं.

“घालवला नाहीत. आळशी डोळ्याला पाच आठवडे सुट्टी दिलीत. ते दिवस गेले. आता मात्र एकही दिवस घालवू नका.”

त्यांनी स्वतःच पट्टी काढली आणि दुसरी उजव्या डोळ्यावर लावली. भिंगरी एकदम गप्प झाली. तिने हात पुढे केला, चाचपडत वडिलांचं नाक शोधलं, आणि असं भोकाड पसरलं की आतला पेशंट बाहेर येऊन बघून गेला. आवाज खाली ठेवा, घाई करू नका, यातलं शिक्केवाल्याला काही आठवेना. तो नुसता “अगं, अगं” करत राहिला.

तेवढ्यात मागून बेकरीवाला उठला. त्याच्या चेहऱ्यावर केवढं समाधान होतं.

“रडली!” तो म्हणाला. “म्हणजे बरोबर लागली! अहो, म्हणजे माझं पोर पहिल्यापासून बरोबर रडतंय!”

खोलीत हशा पिकला, पण तो वाईट नव्हता. वीस आईबापांच्या मानेवरचं ओझं उतरलं होतं. सगळे भिंगरीभोवती जमले आणि शिक्केवाल्याला शिकवू लागले. तिची बोटं झाकतील असा लांब बाह्यांचा झगा घाला. पट्टी झोपेतून उठायच्या आत लावा. बेकरीवाल्याने तर हात कसे धरायचे ते त्याच्याच हातांवर करून दाखवलं.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. ती ओरडेल म्हणून तो मान खाली घालून बसला होता. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

“मी हो म्हटलं होतं,” ती शेवटी म्हणाली. “अर्धी चूक माझी.” मग तिने भिंगरीच्या उजव्या मनगटाला लाल दोरा बांधला. “या हाताकडचा डोळा. आता चित्र नको, काही नको.”

पुढचे दिवस विचारू नका. जिन्याखालची खोली भिंगरीने डोक्यावर घेतली. मणी घरंगळायचे, दोरा सापडायचा नाही, आणि पट्टी ओढू नये म्हणून शिक्केवाला एका हाताने तिचे हात धरून दुसऱ्या हाताने कोरायचा. त्यात त्याचा स्वतःवरचा विश्वास उडालेला. एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा शिक्का त्याने तीनदा विचार करून कोरला आणि तो कागदावर उलटा उमटला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

“आरशात छान दिसतोय,” बाई म्हणाल्या. “पण दाखल्याबरोबर आरसा कुठून देऊ?”

तो त्याने पुन्हा करून दिला. बेकरीवाला मात्र रोज सकाळी पोराला घेऊन यायला लागला. दोघं पोरं समोरासमोर बसून रडायची. कोणाचं जास्त, यावर चुरस लागली, आणि चुरशीत पट्टी काढायचं राहून जायचं.

असे तीन आठवडे गेले. रडणं कमी झालं, पण दिसतंय का काही, हे विचारायची शिक्केवाल्याची छाती होईना. एकदा फुशारकी मारून झाली होती. एके दिवशी अकराच्या सुमाराला काम करता करता त्याचा डोळा लागला. उठला तेव्हा मान आखडली होती. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. दोघांनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, पण बोललं कोणी नाही.

“बाबा,” उंबऱ्याशी मणी वेचणारी भिंगरी म्हणाली, “तुझ्या गालावर ‘र’ आहे.”

“काय आहे?”

“र. आणि पुढे एक गुंतलेलं अक्षर आहे, ते मला येत नाही.”

त्याने गालाला हात लावला. बोटाला शाई लागली. शाई लावून ठेवलेल्या ‘रद्द’च्या शिक्क्यावर तो गाल टेकून झोपला होता. पण ते त्याला नंतर कळलं. आधी त्याने भिंगरीचं मनगट पाहिलं. लाल दोरा. पट्टी त्याच हाताकडच्या डोळ्यावर. चारी कडांनी घट्ट. त्याने पुन्हा पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग तो दोन पावलं मागे सरकला.

“आता दिसतं?”

“र.”

तो मागे मागे सरकत दाराबाहेर गेला, फुटपाथवर उतरला. “आणि आता?”

“आता पण रच,” भिंगरी वैतागून म्हणाली. “सारखा सारखा बदलेल का?”

येणारेजाणारे थांबून बघत होते. गालावर ‘रद्द’ घेऊन एक माणूस भर रस्त्यात डोळे पुसत उभा होता. पुसताना गालाला धक्का लागू नये म्हणून तो भलताच जपत होता.

दहा मिनिटांनी तो भिंगरीला कडेवर घेऊन पोस्टात रांगेत उभा राहिला. नंबर आला तसा त्याने गाल खिडकीच्या जाळीला जवळजवळ टेकवलाच.

“अहो! हे काय लावून हिंडताय?” बायको दबक्या आवाजात म्हणाली. “लोक हसतायत. पुसा आधी!”

“भिंगरीने वाचलं,” तो म्हणाला. “रस्त्यावर होतो मी. तिने आतून वाचलं. त्या डोळ्याने.”

बायकोने हातातला शिक्का खाली ठेवला. भिंगरीकडे पाहिलं, तिच्या मनगटावरच्या दोऱ्याकडे पाहिलं. मग ‘खिडकी बंद आहे’ची पाटी पुढे सरकवली आणि पदर तोंडाला लावून ती तिथेच बसून राहिली.

“अहो ताई, आमचं काय?” रांगेतून कोणीतरी ओरडलं.

“दोन मिनिटं थांबा हो,” शिक्केवाला मागे वळून म्हणाला, आणि गाल सगळ्या रांगेला दिसला.